चेचलेली बोटं आणि एकच गिटार

नव्वदच्या दशकात आम्ही कुवेतमध्ये अबू हलीफाला राहायचो, तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये दोन गिटारवाले होते. थोरला रशियन, कागदावर लिहिलंय तसंच शास्त्रीय वाजवणारा. धाकटाही तिकडचाच, पण रोमा, म्हणजे जिप्सी. आपल्या भटक्या लोकांची गाणी मनाला येईल तशी पळवणारा. हॉटेलात जोडीनं वाजवायचे आणि घरी लयीवरून एकमेकांच्या जिवावर उठायचे.

एका दुपारी किंकाळी ऐकू आली. आमचे हे म्हणाले, "मध्ये पडू नकोस गं, परमुलूख आहे!" पण माझा पाय थांबतोय होय? जाऊन बघते तर थोरल्यानं धाकट्याच्या डाव्या हातावर दार आपटलेलं, बोटं चेचून रक्त गळतंय. माझ्यादेखत धाकट्यानं उजव्या मुठीनं त्याचं नाक फोडलं.

"मेल्यांनो, संध्याकाळी वाजवणार कोण? तुमचा बाप?" मी ओरडले.

मराठी त्यांना काय कळणार! पण चेचलेला हात बघून दोघांनी मारामारी थांबवली. जोडीनं वाजवलं नाही तर दोघांचीही नोकरी जाणार होती.

संध्याकाळी आम्ही हॉटेलात गेलो. दोघांत एकच गिटार. तारा दाबायला थोरल्याचा डावा हात, छेडायला धाकट्याचा उजवा, आणि कोपरानं बरगडीत ढोसणं चालूच. धाकट्यानं हसत लय अशी पळवली, की नाकात कापूस घातलेल्या थोरल्याला मुकाट मागे धावावं लागलं.