मावशीपुरतं सुरू

ऑफिसात तिला सगळे स्विचताई म्हणत. फर्निचर विकणाऱ्या वेबसाइटवर अर्धवट झालेली नवी सोय कुणाला दाखवायची आणि कुणापासून लपवायची, हे तिच्या हातात होतं. त्या स्विचला तिथे ‘फ्लॅग’ म्हणत. फ्लॅग बंद असला की सोय साइटवर असूनही दिसत नसे.

‘जुनं द्या, नवं घ्या’ ही सोय अशीच अर्धी होती. जुनं न्यायचा भाग तयार होता, नवं द्यायचा लिहायचाच होता. बटण नीट दिसतंय का ते बघायला म्हणून तिने फ्लॅग सख्ख्या मावशीच्या खात्यापुरता सुरू केला. मावशी कशालाही हात लावणाऱ्यातली नव्हे, असा तिचा समज.

दुसऱ्या दिवशी दोन हमाल मावशीच्या दारात हजर. सोफ्यावर काकांचा डोळा लागला होता.

“काका, जरा उठता?”

“मलाही नेताय का?”

“तुमची नोंद नाही.”

सोफा गेला. मावशीचा फोन आला, “अगं, नवा कुठंय?”

“मावशी, तो भाग व्हायचाय अजून.”

पलीकडे मावशीची पावलं रिकाम्या खोलीत घुमली. मग मावशी म्हणाली, “घर केवढं मोठं दिसतंय गं!”

त्या आठवड्यात कपाट गेलं, टेबल गेलं. काका खिडकीच्या कट्ट्यावर जेवू लागले. शेजारणी आपापल्या मोडक्या खुर्च्या घेऊन मावशीकडे येऊ लागल्या, कारण बटण फक्त तिलाच दिसत होतं. मावशी चहा पाजून प्रत्येकीसाठी ते दाबून द्यायची.

गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेबांनी स्विचताईला बोलावलं. ती राजीनाम्याच्या तयारीनेच आत गेली.

“जी सोय कुणाला दिसत नाही, तीच सगळ्यात जास्त चालतेय,” साहेब खुशीत म्हणाले. “‘नवं घ्या’ खोडून टाक आणि सगळ्यांसाठी सुरू कर.”

तिने सुरू केली. लोकांच्या उड्या पडल्या. मावशीने मात्र भाचीशी अबोला धरला.

“आता कुणीही दाबतं,” ती काकांना म्हणाली. “मला कोण विचारतंय?”

महिनाभराने ती आपणहून भाचीकडे आली, चप्पल काढायच्या आधीच आवाज खाली आणून म्हणाली, “माझ्यापुरतं काही अर्धवट आहे का गं?”