वनमालानं टाकलेला शब्द

रायपूर राजधानी झालं तेव्हा जन्म-मृत्यूच्या नोंदी संगणकात कुलूपबंद ठेवणारं टूलकिट दिवाकर वझलवारांनी बांधलं. माणूस तिथल्याच तात्यापारा या मराठी वस्तीतला, इतका सरळ की कचेरीची पेन्सिलही घरी आणणार नाही. नियम मोडला तो एकदाच. बायकोनं, वनमालानं, आजारपणात लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्याच कुलपात ठेवली. उघडायचा शब्द तिनंच टाकला. तिला थट्टेची भारी खोड.

"मी गेल्यावर उघडजा," ती हसत म्हणाली. "तुम्ही मले ज्या नावानं हाक मारता ना, थेच टाकलं."

ती गेली. तीन वर्षं त्यांना चिठ्ठी उघडायचा धीर झाला नाही. मग कळलं, टूलकिटला कुलपं पुरवणारी लायब्ररीच, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार प्रोग्रामच, कच्ची आहे. ती बदला, असं वरिष्ठांना पत्र कोणी लिहिलं? वझलवारांनीच. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला! जुन्या कुलपाची अर्धी किल्ली जुन्या सर्व्हरच्या पोटात होती. तो पुसला की शब्द ठाऊक असूनही काही उघडणार नव्हतं.

महिनाभर त्यांनी हजारो नोंदी जुन्या कुलपातून काढून नव्यात घातल्या. सर्व्हर पुसायच्या दिवशी, शनिवारी, एकच फाईल उरली. त्यांनी 'वनमाला' टाकलं. उघडेना. 'वनू' टाकलं, 'माला' टाकलं. वनमाला हे तर लग्नात ठेवलेलं नाव, म्हणून माहेरचं 'शांता'ही टाकून पाहिलं. कुलूप हललं नाही.

सोबत काम करणारी मोनाली हळूच म्हणाली, "सर, सोमवार तक रुक जाएँ क्या? कौन पूछ रहा है?"

"लोकाइच्या नोंदीच्या जुन्या नकला अजून त्या सर्व्हरवरच पडून हायेत, बेटा. माह्या एका चिठ्ठीपायी त्या उघड्यावर ठेवू काय?"

आणि त्यांनी स्वतःच सर्व्हर पुसला.

घरी येऊन चपला काढल्या. चहाची तलफ आली होती. तीन वर्षं आवरलेली जीभ त्या दिवशी दमून सैल सुटली. स्वयंपाकघराकडे तोंड करून ते म्हणाले, "आयकून राहिली काय?"

स्वतःचे शब्द कानावर पडले आणि वझलवार मटकन उंबऱ्यातच बसले. सत्तावीस वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारलीच नव्हती. हेच तिचं नाव होतं. ते त्यांना आठवलं, पण दीड तास उशिरा.