मामाजींची बुरशी

शिळ्या भाकरीवर जीव टाकणारा माणूस उभ्या मलकापुरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या सुमारास मी या घरात आले. आमचे मामाजी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि घरी बुरशी पाळत. लोक गाय पाळतात, तशी! भाकरीचा तुकडा ओला करून बशीत झाकायचा आणि त्यावर कापसासारखी लव उठली की घरभर हाका मारायच्या. पाहुण्यांनाही आधी बशी, मग चहा. नळगंगेचं पाणी बाटलीत भरून आणत, त्यात मेलेली माशी टाकत, आणि तिला पांढरे केस फुटले की घरात बारसं असल्यासारखे खुलत. पुस्तकं त्यांच्या या लाडक्यांना खालच्या वर्गात घालतात, याचा त्यांना भारी राग.

"माह्या बुरशीच्या धाग्यात आडवी भिंत नाही म्हणून खालची? अवं सूनबाई, सारं खटलं एका खोलीत नांदते! काऊन खालची?" असं ते मलाच विचारत. मी आपली पदर सावरत "हो मामाजी" म्हणे.

पहिल्याच वर्षी सासूबाईंनी लोणचं माझ्याकडून घालून घेतलं, आणि दसऱ्याच्या आत बरणीला बुरशी लागली. लोणचं नासलं की घरावर संकट येतं, असं आमच्याकडे मानतात. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "सुनीचा हातच चांगला नाही. द्या पाठवून हिले चिखलीले!"

चिखली माझं माहेर. तिथं दोन बहिणी लग्नाच्या. परत आलेल्या मुलीच्या बहिणींना कोण करून घेणार?

मामाजी भिंग घेऊन आले. बरणीत खूप वेळ पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "तिले काऊन बोलता? माह्या बशीतली उडून बसली."

मग काय विचारता! सगळ्या बशा, बाटल्या उकिरड्यावर गेल्या. त्यांत वर्षभर जपलेली एक बुरशी होती, कोणत्याच वर्गात न बसणारी. मामाजी ओसरीवर नुसते बसून राहिले.

संध्याकाळी चहा देताना मी हळूच विचारलं, "मामाजी, खरंच तुमची होती?"

"छे! इतक्या मिठात माही जगते काय? ते वरच्या वर्गातलं ध्यान होतं." मग आत नजर टाकून म्हणाले, "घरात बोलू नको, पोरी."

नाही बोलले. त्यांनीही घरात पुन्हा बशी मांडली नाही. आज मामाजी, सासूबाई दोघंही नाहीत, म्हणून सांगते. या घरात मी नांदले, ती त्यांच्या त्या एका खोट्या शब्दावर.