भरतीबरोबर गेलेला डबा

समोर कोणतीही वस्तू आली की आधी ती बोटाच्या पेरानं ठोकायची, कान लावायचा आणि मगच बोलायचं, अशी त्याला खोड होती. भिंत, कलिंगड, माझ्या गाडीचं दार, काहीही. "पोकल हाय, मॅडम," तो म्हणायचा आणि चेहरा असा उजळायचा, जसा काही पोकळ असणं हा मोठाच गुण. "पोकल हाय म्हनून वाजतं. भरलेलं कदी वाजतं का?"

वर्तकनगरात आमच्या सोसायटीला लागून त्याचा गाळा होता. मूळचा तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. आधी बापाबरोबर फायबरच्या होड्या बांधायचा, मग गाड्यांत बसवायचे सबवूफरचे डबे बांधायला लागला. सबवूफर म्हणजे शेजारच्या गाडीत वाजतो आणि धडधड आपल्या छातीत होते, तो स्पीकर. अशा माणसाविषयी माझं मत काय असणार, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यात तो फायबर घट्ट करायच्या रेझिनचा वास! माझ्या फोडणीलाही हटायचा नाही. मी तक्रार घेऊन गेले की हा स्टूल पुढे सरकवायचा. "बसा ना मॅडम. वास जाईल, डबा राहील." आता याच्याशी भांडायचं तरी कसं?

आमच्या ह्यांनी पोटासाठी नोकरी केली आणि जिवासाठी तबला वाजवला. सत्तरीनंतर कान गेले. मशीन लावलं की बोलणं कळायचं, पण तबला पत्र्यावर खडे पडल्यासारखा वाजायचा. "डग्गा कुठे गेला?" एवढंच विचारायचे. एक दिवस त्यांनी तबल्याची जोडी कपाटावर ठेवून दिली आणि जाहीर केलं, दसऱ्याला शिष्याला देऊन टाकणार. तबल्यावाचून हा माणूस घरात नुसता बसून राहिला असता हो.

हे सगळं मी त्या गाळ्यात, नाकाला पदर लावून, बोलून गेले. गेले होते खरं तर भांडायला. त्यानं ऐकून घेतलं आणि स्वतःचा गुडघा ठोकला.

"कान ऱ्हाऊ दे मॅडम. डग्गा काकांच्या अंगाला लागला पायजे. मी बांधतो डबा. ठान्यापासून कल्यानपर्यंत असा डबा कोनी बांधून दाकवला तर मिशी काढीन!"

मिशी भरघोस होती, म्हणून मी हे मनावर घेतलं.

आमच्या गाडीत मागच्या सीटवर, ह्यांच्या डाव्या हाताशी, जिथे एरवी डग्गा असतो तिथेच डबा बसणार, हे त्यानंच ठरवलं. सीटला आणि दाराला चिकटपट्टी लावून वर फॉइलचा कागद चढवला, त्यावर फायबरची जाळी अंथरून रेझिन चोपडलं. सुकल्यावर खाचाखोचांसकट साचा सुटून आला. वरच्या तोंडावर ह्यांचाच जुना बनियन ताणून बसवला आणि त्यालाही रेझिन पाजलं. बनियन दगडासारखा टणक झाला. "काकांचा बनियन हाय. काकांना बरोबर वलखंल," तो म्हणाला.

खरी गंमत पुढेच आहे. अशा डब्यातून हवा निसटली तर आवाज फुसका होतो म्हणे. म्हणून हा प्रत्येक डबा खाडीत बुडवून तपासायचा. स्पीकरच्या भोकावर झाकण आवळायचं, नारळ फोडायचा आणि होडी पाण्यात घालावी तसा डबा घालायचा. बुडबुडा दिसला की काम पुन्हा. "माझी होरी पानी घेत नाय, मंग डबा हवा कसा सोरील?"

घटस्थापनेच्या सकाळी आमचा डबा खाडीत गेला. दोरीचा फास किनाऱ्यावरच्या खुंटात अडकवून, "मुरू दे जरा," म्हणत हा टेंभी नाक्याच्या देवीला गेला. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली. अमावास्येचं उधाण म्हणजे काय, ते कोळीवाड्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. भरती आली, खुंट बुडाला, फास वर सरकून सुटला आणि डबा निघाला. हा परतला तेव्हा त्याची आई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कोल्याचा पोर न् उधान इसरला! त्वांड दाकवू नको कोनाला!"

मला सांगायला आला तेव्हा तो प्रथमच काही न ठोकता बोलला. दुसरा डबा दसऱ्याच्या आत होणार नव्हता. मी त्याला नाही नाही ते बोलले आणि घरी आले. तबला बांधून द्यायचं फडकं ह्यांनी धुवून वाळत घातलं होतं.

तो मात्र रोज बापाची होडी काढून खाडी पालथी घालत होता. अष्टमीला फोन आला. "मॅडम, गावला! दिवा गावाच्या बाजूला, तिवरांत अरकलेला!" होडीतच त्यानं झाकण खोललं, आत हात घातला आणि जी आरोळी ठोकली म्हणता! "थेंब नाय! येक थेंब पानी नाय!"

फोनमधून ती आमच्या ह्यांनाही ऐकू गेली. "कोण बुडालं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. तरलं," मी म्हटलं.

नवमीला त्यानं डब्यात स्पीकर चढवून तो गाडीत बसवला. दसऱ्याला सकाळी ह्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. शिष्य जोडी न्यायला येऊन ठेपलाच होता. ह्यांच्या गुरुजींच्या तबल्याचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. डबा घुमायला लागला. ह्यांचा डावा हात डब्यावर होता. बराच वेळ काहीच नाही. मग हळूच मनगट हललं, डोळे मिटले, बोटं चालायला लागली आणि हात समेवर पडला, अगदी नेमका!

"डग्गा आला! अगं, डग्गा आला!" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की सोसायटीच्या खिडक्या उघडल्या. बाहेर तो मिशाळ माणूस, हळदीत नाचतात तसा, भर रस्त्यात नाचत होता. "वाजू दे काका, वाजू दे!" मी टाळ्या पिटत होते आणि ढसाढसा रडत होते. शिष्य बिचारा नुसती आपट्याची पानं घेऊन परत गेला आणि तबल्याची जोडी कपाटावरून खाली उतरली.

पुढे त्यानं डोंबिवलीला मोठी जागा घेतली. त्याच्या गाळ्यात आता केकचं दुकान आहे. वास चांगला येतो, पण मला करमत नाही.

परवा खालच्या मजल्यावरची नवी मुलगी दारात आली. "काकू, काकांचा तबला सकाळी फारच मोठ्यानं वाजतो हो."

मी स्टूल पुढे सरकवलं. "बस ना गं," म्हटलं. "वाजू दे."