आत्याचा चित्रपट, वडिलांचं नाव

माझी आत्या चित्रपट दिग्दर्शित करायची आणि माझे वडील दिग्दर्शक म्हणून मिरवायचे. हे त्यांची मुलगी सांगतेय, आणि सांगताना तिला जराही वाईट वाटत नाही.

आत्याने बरीच वर्षं मोठ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली काढली. शेवटी एका निर्मात्याने तिला स्वतंत्र चित्रपट दिला. शूटिंग झालं, संकलन झालं. पडद्यावर नावं टाकायची वेळ आली तसा निर्माता कचरला.

"बाईचं नाव बघून थिएटरवाले चित्रपट उचलणार नाहीत. घरातल्या कुणाचं तरी टाकू."

घरातला पुरुष म्हणजे माझे वडील. सेटवर त्यांचं काम गाड्या बोलावण्याचं, आणि त्याही कधी वेळेवर यायच्या नाहीत.

"नाव आपल्याच घरात राहतंय ना, ताई!" वडील म्हणाले. चित्रपट डब्यात सडू नये म्हणून आत्याने ते मान्य केलं.

चित्रपट चालला. वडिलांनी काळा चष्मा घेतला. मुलाखतींत 'माझी दृष्टी', 'माझी शैली' असे तारे तोडायला लागले. घरात चहासुद्धा खर्जातल्या आवाजात मागायचे.

लवकरच दुसरा एक निर्माता आला, तो थेट वडिलांकडे. आत्या सगळं सांभाळेल हे त्यांनी गृहीतच धरलेलं.

"येते की. पण नाव माझं लागेल," आत्या म्हणाली.

"आता लोकांना काय सांगू? माझी काही अब्रू आहे की नाही?"

"मग कॅमेरा कुठे ठेवायचा ते अब्रूलाच विचार."

आत्याशिवाय शूटिंग सुरू झालं, त्या पहिल्या दिवशी मी सेटवर होते. कॅमेरामनने विचारलं, "साहेब, लेन्स कुठली लावू?"

"चांगली लाव."

सगळं युनिट छताकडे बघायला लागलं. नायिकेने विचारलं, या वाक्यावर रडायचं का? वडील म्हणाले, "आलं तर रड." चित्रपट असा आपटला, की मध्यंतरानंतर थिएटरात फक्त आमचे नातेवाईक उरले, आणि तेही दाराकडे बघत होते.

आत्याने मित्रमंडळींकडून पैसे उभे करून स्वतःच्या नावाने चित्रपट काढला. एका पत्रकाराने तिला पहिलाच प्रश्न विचारला, "भावाची किती मदत झाली?"

"खूप. तो इकडे फिरकलाच नाही."

पुढे तिने आणखी चित्रपट केले. पहिल्यावर मात्र आजही वडिलांचंच नाव आहे. जाणकार म्हणवणारे त्यातली 'पुरुषी पकड' वाखाणत व्याख्यानं झोडतात. मी खरं सांगितलं, की हसून म्हणतात, "बहिणीचा हातभार असेलच हो." वडील शेजारी बसून मान डोलावतात. आत्या अशा सभांना जात नाही. तिचं शूटिंग असतं.