केंद्रकाभोवतीचा थर

पेशी फोडून तिचं केंद्रक वेगळं काढायचं, तर ते पुन्हापुन्हा धुवावं लागतं. प्रयोगशाळेत इतकी वर्षं मी तेच केलं. केंद्रकाला चिकटून राहणाऱ्या पातळ थराला आम्ही घाणच म्हणायचो. आता मात्र आमचा अभ्यास त्या थराचाच आहे, आणि आज सवयीने मी एकदा जास्तच धुतलं. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकं लख्ख, गोल दिसली; भोवती काहीच उरलं नव्हतं.

बाबांचं तेरावं झाल्यावर त्यांची खोली मी अशीच लख्ख केली होती. मधोमध फोटो लावला. आई आत आली. फोटोकडे न बघता तिने बाबांची उशी उचलली, नाकाशी धरली आणि हळूच खाली ठेवली.

“अभ्रा धुतलास होय गं?” एवढंच म्हणाली.