आबांचा मदरसा

आबा गेल्याचं मला भुसावळच्या मदरशातल्या मौलानांनी फोन करून सांगितलं, यातच सगळं आलं. सारी नोकरी आम्ही दोघांनी एकाच शाळेत काढली. तरी शेवटचं वर्षभर आमच्यात जवळपास बोलणं नव्हतं, आणि ते मीच तोडलं होतं.

आबा मूळचे साक्रीकडचे, बौद्ध घरातले, गणिताचे शिक्षक. मी इंग्रजीचा. निवृत्तीनंतर मदरशात गणित-विज्ञान शिकवायला सरकारी अनुदानातून शिक्षक हवे होते, तेव्हा आबा तिथं जाऊ लागले. मला ते मुळीच रुचलं नाही. धर्माच्या शाळेला जनतेचा पैसा कशाला, हे माझं पालुपद. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी तावातावानं बोलायचो आणि आबा बशीत चहा ओतत ऐकून घ्यायचे... एकदाच त्यांनी उत्तर दिलं. माझ्याशी ते अहिराणीतच बोलत.

"नाना, आपली शाळामा बी रोज श्लोक व्हयेत, सरस्वतीपूजन व्हये. मंग आपला पगार कोन दे?"

पगार सरकारच देत होतं. आता पेन्शनही देतं. आमची शाळा कुठल्या धर्माची नाही असं मी मानत आलो, कारण ती माझ्या धर्माची होती. आबा इतकी वर्षं त्या श्लोकांना हात जोडून मुकाट उभे राहिले. त्यांना काय वाटत असेल, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी मात्र प्रश्न झोंबला. तुम्ही मला शिकवू नका, असं म्हणून मी उठलो आणि टपरीचा रस्ताच सोडला.

पुढे ते अनुदान थांबलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता आबा घरी बसतील, मग आपणहून भेटायला जाऊ, असं मी मनाशी ठरवलं. आबा काही बसले नाहीत, बिनपगारी शिकवत राहिले. एकदा भाजीबाजारात समोरासमोर आलो, तर जणू काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "पोरेस्ले इंग्रजी शिकाडाले कोनी नही शे. या ना, नाना."

मी "बघू" म्हणालो. तो नकार होता, हे दोघांनाही कळलं. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आबांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात, मौलाना भेटले. आबा शिकवायचे ती खोली मला बघायची होती, तसं मी त्यांना म्हटलं आणि ते लगेच घेऊन गेले. खोलीत फळा होता, सतरंज्या होत्या, बुटकी लाकडी मेजं होती. तिथं सगळे खालीच बसतात. फळ्याशेजारी एकच खुर्ची, तिच्यावर पातळ उशी. आबांची का, असं मी विचारलं.

"नाही," मौलाना म्हणाले. "आबा मुलांबरोबर खालीच बसायचे. ही त्यांनी घरून आणून ठेवली. म्हणायचे, आमचे नाना येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात."

मी दारातच थांबलो. गुडघे आबांचेही दुखत होते.